परसातले रान काढताना

अल रीम आयलंडवरच्या आमच्या बाल्कनीत चार कुंड्या मावतात. कोथिंबीर आणि पुदिना एवढीच आमची शेती! साताऱ्याजवळच्या गावी मात्र घरामागे २ गुंठ्यांचे परस आहे. आई गेल्यापासून ते ओस पडले आणि गाजर गवत कमरेच्या वर गेले. "भाजीचे दोन वाफे करून दे," असे बाबा म्हणाले. मी इंजिनिअरचा हिशेब केला. इथूनच फोनवर ट्रॅक्टर ठरवला, पैसे पाठवले आणि एका दिवसात रोटाव्हेटरने रान साफ!

पाऊस पडला आणि महिन्याभरात भेंडीऐवजी लव्हाळा आणि पुन्हा गाजर गवतच उगवले. बाबा ते उघड्या हातांनी उपटू लागले. हातांवर व मानेवर पुरळ उठले, खाजेने झोप उडाली. डॉक्टरांची फी आणि औषधे ट्रॅक्टरच्या भाड्यापेक्षा महाग पडली.

चूक माझीच होती. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ तुटली की सुटी झालेली गाठ नवा कोंब काढते. गाजर गवताच्या एका झाडाला १०,००० हून अधिक बिया येऊ शकतात; नांगरटीने खालच्या बिया वर येऊन उगवतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले हे गवत आज देशभर पसरले आहे, ते याच चिवटपणामुळे. त्यातील पार्थेनिन या द्रव्याने त्वचेला ॲलर्जी होते, तर परागकणांनी शिंका व दमा बळावतो.

तणनाशकाचा सल्लाही मिळाला. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले आहे. घरच्या भाजीसाठी ते नको वाटले.

दुसऱ्या वर्षी क्रम बदलला. गाजर गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलते, म्हणून फुलण्याआधीच मुळासकट काढले. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकाला रुमाल सक्तीचा. बाबांना या कामापासून दूर ठेवले. लव्हाळा कुदळीने गाठींसह खणून काढला. पुन्हा डोके वर काढले की दर दोन आठवड्यांनी खुरपणी. पाने वाढू दिली नाहीत की गाठीतला साठा संपत जातो.

एप्रिलमध्ये माती सपाट करून भरपूर भिजवली, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत पुरल्या. ६ आठवड्यांच्या उन्हाने वरच्या थरातले बरेचसे तणबी मरते. लव्हाळ्यावर मात्र हा उपाय पुरेसा नाही. नंतर खोल खणायचे नाही, नाहीतर खालचे बी पुन्हा वर येते. जूनमध्ये चवळी आणि भोपळा लावला. त्यांच्या पसाऱ्याने जमीन झाकली गेली. मेथी-पालक थंडीत.

खर्चाचा नियम एकच: जेवढे खुरपणे झेपेल तेवढेच रान मोकळे करा. आम्ही १० फूट बाय १० फुटांपासून सुरुवात केली. मजुरी आणि प्लॅस्टिक मिळूनही आदल्या वर्षीपेक्षा कमी खर्च आला.

जुलैत सुट्टीवर जाणाऱ्या मंडळींनो, गाजर गवत तेव्हा कोवळे असते. पहिल्याच आठवड्यात ते काढून घ्या, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात खुरपे देण्याआधी हातमोजे द्या. गेल्या थंडीत बाबांनी फोनवर मेथीच्या जुड्या मोजून सांगितल्या. अकरा भरल्या!