तुझे पैसे कुठले?

मागच्या मार्चमधली गोष्ट. मुलांचे आखूड झालेले कपडे, एक बऱ्यापैकी कोट आणि न उघडलेली दोन जिगसॉ पझल्स पिशवीत भरून मी आणि माझी लेक आमच्या हाय स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये गेलो होतो. काउंटरवरच्या आजींनी पिशवी घेतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "गिफ्ट एड करणार का? तुम्ही इथे टॅक्स भरता ना?" मी म्हटलं, "नाही." "काही हरकत नाही," म्हणून आजी हसल्या आणि पिशवी आत घेऊन गेल्या.

नऊ वर्षांच्या लेकीचे कान तिखट. रस्त्यावर येताच तिने गिफ्ट एड म्हणजे काय ते विचारलं. मी मास्तरकी सुरू केली. या देशात टॅक्स भरणाऱ्या माणसाने एक पौंड दान केला, तर त्यावर सरकार संस्थेला आणखी पंचवीस पेन्स देतं. त्याने दिलेल्या वस्तू विकून जे पैसे येतात त्यावरही मिळतात. मात्र देणाऱ्याने त्या वर्षी तेवढा टॅक्स भरलेला असावा लागतो. मी भरत नाही, म्हणून मला नाही म्हणावं लागलं.

"म्हणजे तू काहीच कमावत नाहीस?"

"सध्या नाही."

"मग तुझे पैसे कुठले? सगळे बाबांचेच ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती. म्हणूनच ते जास्त लागलं. मी अर्थशास्त्रात एम. ए. केलंय. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शाळेत शिकवत होते. राष्ट्रीय उत्पन्न शिकवताना पिगू या अर्थशास्त्रज्ञाचं उदाहरण हमखास सांगायची: एखाद्याने घरकाम करणाऱ्या पगारी बाईशीच लग्न केलं, तर काम तेवढंच राहतं, पण देशाचं उत्पन्न कमी होतं. कारण आता तिला पगार नाही! वर्गात दरवर्षी हशा व्हायचा. त्या दिवशी कोबी आणि दुधाचे कॅन सावरत घरी येताना मला तो हशा पुन्हा ऐकू येत होता.

खरं तर पैशाची शिकवणी आमच्या घरी त्याआधी दोन वर्षं सुरू झाली होती, आणि सुरू केली होती मीच. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. दुकानात एक भलामोठा लेगोचा खोका त्याला हवा होता. महाग आहे म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग टॅप कर ना." त्याने मला कधी नोटा मोजताना पाहिलंच नव्हतं. कार्ड यंत्राला लावायचं, टिंग वाजलं की वस्तू आपली. आमच्या लहानपणी महिनाअखेर दिसायची. वडिलांचं पाकीट चपटं व्हायचं, वाण्याच्या वहीतली पानं भरायची. इथल्या मुलांसाठी महिन्याच्या सगळ्या तारखा सारख्याच.

म्हणून मी बँकेत जाऊन वीस पेन्सच्या नाण्यांची पिशवी आणली. दहा पौंडांची येते, पन्नास नाणी. काउंटरवरच्या मुलाला वाटलं माझं दुकान आहे. जॅमच्या तीन बरण्या धुऊन त्यांवर खर्च, बचत, दान अशी लेबलं लावली, दोघांसाठी दोन संच. दर शनिवारी प्रत्येकाला दहा नाणी: पाच खर्चाला, तीन बचतीला, दोन दानाला. दोन पौंडांचं एकच नाणं दिलं असतं तर वाटणी हाताला कळली नसती. दहा नाणी टाकताना आवाज होतो, बरणी चढते, उतरते. कामाचे पैसे मात्र द्यायचे नाहीत असं मी आधीच ठरवलं होतं. ताट उचलायचे वीस पेन्स मिळायला लागले की ताट उचलणं हे घरकाम राहत नाही, मजुरी होते.

खर्चाच्या बरणीत आपण लुडबुड करायची नाही, हा माझा नियम, आणि तो पाळणं मलाच सगळ्यात जड गेलं. इथे मुलांची मासिकं मिळतात, प्लॅस्टिकचं खेळणं वर चिकटवलेली. धाकट्याने सहा आठवडे खर्चाची बरणी जपून ५.९९ पौंडांचं एक डायनोसॉरचं मासिक घेतलं. एक पेनी परत आली. घरी पोचेपर्यंत डायनोसॉरचा पाय गाडीत मोडला. तो रडला आणि मला नवीन घ्यायला सांगू लागला. सहा पौंड काही आम्हाला जड नव्हते. पण मी फक्त चिकटपट्टी दिली. तो तिन्ही पायांवर चालणारा डायनोसॉर अजून खिडकीत आहे. त्यानंतर दुकानात मासिक दिसलं की तो आधी खेळणं पारखून बघतो.

आणि एकदा चुकले ते मी. सुट्टी नाणी हवी होती म्हणून लेकीच्या बचतीतून मी तीन पौंड ऐंशी काढले आणि साफ विसरले. महिन्याने तिने बरणी ओतून मोजली. "आई, तू घेतलेस ते सांगितलं नाहीस." मी परत दिले, पण तिने तेव्हापासून एक वही ठेवली. कुणी, किती, कधी, परत कधी. सावकारी वही.

दानाच्या बरणीची परीक्षा दीड-दोन महिन्यांनी झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथल्या शाळांत हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो. मूळचा सुगीचा आणि चर्चचा सण. आता मुलं घरून डबाबंद अन्न आणतात आणि शाळा ते फूड बँकेला पोचवते. या फूड बँका काही फार जुन्या नाहीत. ट्रसेल ट्रस्टची पहिली २००० साली सॉल्झबरीत सुरू झाली. तिथे सहसा उठून जाता येत नाही. डॉक्टर, शाळा किंवा समाजसेवक यांच्याकडून चिठ्ठी आणावी लागते, मग साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो. म्हणजे तो घेणारं एखादं कुटुंब आपल्याच शाळेच्या फाटकाशी आपल्या शेजारी उभं असू शकतं.

हे मला माहीत होतं. तरीही सकाळच्या घाईत मी काय केलं? कपाटाच्या मागच्या रांगेत हात घातला आणि कोणी न खाल्लेले दोन डबे लेकीच्या पिशवीत टाकले. एक मसूर सूपचा, एक कसल्याशा बीन्सचा. लेकीने दारातच ते उलटे करून बघितले. "आई, याची तारीख जूनमध्ये गेली." मग जरा थांबून, "आणि हे आपल्याला आवडत नाही, म्हणून देतोय का?"

शिळं अन्न दारात आलेल्याला देऊ नये, ताजं वाढावं, असं माझी आजी सांगायची, आणि मी ते मुलांना कौतुकाने सांगितलंही होतं. सांगितलेलं एक आणि दाराशी दिसलेलं दुसरं. मी डबे परत कपाटात ठेवले. संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. फूड बँकेने काय हवं याची यादी शाळेकडून पाठवली होती. पास्ता आणि बीन्स भरपूर आले होते. फळांचे डबे, टिकाऊ दूध, टूथपेस्ट यांची गरज होती. लेकीने स्वतःच्या बरणीतून पीचचे दोन डबे घेतले. धाकट्याने सगळी नाणी खर्चून चॉकलेट बिस्किटं घेतली, जी यादीत नव्हती. मी काही म्हटलं नाही. शिध्याच्या पिशवीत एखादं बिस्किट निघालं तर बिघडत नाही.

त्याआधी शाळेत 'चिल्ड्रन इन नीड'साठी दरवर्षी मी एक पौंड पाठवायची आणि मुलं ठिपक्यांचे कपडे घालून जायची. देवळातही तसंच. पेटीपुढे मूल उचलून धरायचं, त्याच्या मुठीत आपलं नाणं द्यायचं आणि टाकायला लावायचं. दिसायला गोड, फोटोला छान. पण मुलाचं त्यात काही जात नाही. पीचच्या डब्यांनंतर लेकीच्या रोलर स्केट्ससाठी काही कमी पडलं नाही, कारण ती बरणी वेगळी. पण तिने ते डबे पिशवीत जसे सांभाळून ठेवले, तसे माझे कधी ठेवले नव्हते.

मग एकदा तिलाच शंका आली, की आठवड्याला चाळीस पेन्सनी काय होणार? तिला मी पैसा फंडाची गोष्ट सांगितली. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला बळ दिलं. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. लेकीने जॅमची बरणी उचलून तळाशी तळेगाव लिहिलंय का ते पाहिलं. नव्हतं अर्थातच.

या उन्हाळ्यात साताऱ्याला माहेरी गेलो. तिथे दुसरंच दुखणं सुरू झालं. पुण्यात तुळशीबागेतून जाताना लेकीने एका पर्सची किंमत विचारली आणि भर दुकानात मोठ्याने म्हणाली, "अडीच पौंडसुद्धा नाहीत!" विकणाऱ्या बाईंना मराठी येतच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षात बसल्याबसल्या नियम केला: इथे रुपयांचे पौंड करायचे नाहीत. ज्या गावात राहायचं त्या गावच्या पैशात विचार करायचा.

साताऱ्याला आईकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी वीस वर्षांपासूनच्या. सुट्टीत त्यांची नात सोबत यायची, लेकीच्याच वयाची. खाऊच्या पाकिटातली पाचशेची नोट घेऊन लेक अंगणात गेली आणि तिच्यापुढे धरली. ती मुलगी दोन पावलं मागे सरली. मावशी घाईने म्हणाल्या, "नको बाळा, राहू दे." लेक रडवेली होऊन आत आली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येईना.

आईने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. "तुझ्या शाळेतल्या कुणी मधल्या सुट्टीत तुझ्या हातात अशी नोट ठेवली तर?" लेक गप्प. मग आईने जे सांगितलं ते मलाही पूर्ण माहीत नव्हतं. मावशींच्या मुलीच्या, म्हणजे या नातीच्या आईच्या, वह्या-पुस्तकांचे पैसे आई दर जूनला द्यायची, दहावीपर्यंत. घरात कुणाला न सांगता. मावशींनीही कुणाला सांगितलं नाही. आणि सुगीला मावशी ओल्या शेंगा आणतात, त्या आई घेते. "मी शेंगा घेतल्या नसत्या, तर त्यांनी पैसे घेतले नसते."

"आजी, पण ते पैसे आजोबांचे होते ना?" लेकीने विचारलंच. माझा हात पोळपाटावर थांबला.

आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पगार त्यांचा. काटकसर माझी." आणि मांडणीवरच्या तूरडाळीच्या डब्याकडे बोट केलं. त्या डब्याच्या तळाशी नोटा असायच्या हे लहानपणी आम्हा भावंडांना माहीत होतं. त्यांना हात लावायची मात्र कुणाची छाती नव्हती.

पाचशेच्या नोटेचं पुढे असं झालं, की दोघी मुली मिळून बॅडमिंटनची जोडी आणि फुलं घेऊन आल्या. रॅकेटी साताऱ्यालाच राहिल्या आहेत. त्या दोघींच्या आहेत, असं मला निघताना बजावून सांगण्यात आलं.

परत आल्यावर एका रात्री मी नवऱ्याशी बोलले. मार्चपासून मनात होतं. तो चांगला आहे, पैशाला त्याने कधी नाही म्हटलेलं नाही. पण 'नाही न म्हणणं' हे सुद्धा देणाऱ्याच्याच हातात असतं, हे त्याला समजावताना मला दोनदा रडू आलं आणि एकदा राग. तो म्हणाला, "खातं तर दोघांच्या नावावर आहे." आहेच. पण माझ्या लेकीला ते दिसत नव्हतं, आणि खरं तर मलाही. शेवटी ठरलं ते साधं. महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर चौघांनी बसायचं. पगार किती आला, घराचे हप्ते, वीज, काउन्सिल टॅक्स, साताऱ्याला आणि सासरी पाठवायचे, सगळं कागदावर लिहायचं. वाचून दाखवायचं मी. मुलांनी आकडे बाहेर सांगायचे नाहीत. पहिल्या रविवारी गॅसच्या बिलाचा आकडा ऐकून धाकटा उठला आणि न सांगता वरच्या खोलीतला हीटर बंद करून आला. ऑगस्टमध्ये तो सुरू नव्हताच, पण भावना पोचली.

आणि लेकीच्या हट्टाने माझ्याही तीन बरण्या आल्या. दर शनिवारी मलाही दहा नाणी, तीच वाटणी, तेच नियम. मला वाटलं होतं, हा नुसता खेळ. पण माझी खर्चाची बरणी बुधवारी कॉफीत संपते आणि मग मी बचतीकडे बघायला लागते. लेक रोज माझ्या बरण्या तपासते. तिला त्यात जरा जास्तच आनंद मिळतो.

मागच्या आठवड्यात हार्वेस्टची यादी आली. या वेळी फळांचे डबे, टिकाऊ दूध आणि शाम्पू. माझ्या दानाच्या बरणीत ऐंशी पेन्स होते, कारण नवरात्रात मी ती एकदा रिकामी केली होती. पर्समध्ये कार्ड होतं, पण ते चालणार नाही, असा निकाल झाला. लेक म्हणाली, "माझ्या बचतीतून दोन पौंड देते तुला."

मी आभार मानले. तिने वही उघडली, माझं नाव आणि रक्कम लिहिली, पुढचा रकाना रिकामा ठेवला आणि पेन्सिल धरून माझ्याकडे बघत राहिली.

"परत कधी देशील?"

दिवाळीच्या पाडव्याची तारीख दिली आहे.