लॉक लावलेला संगणक

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडसारख्या बाजाराच्या गावात छपाईचं दुकान शोधायला फार फिरावं लागत नाही. दाराशी लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेले असतात, आत नवा संगणक, रंगीत प्रिंटर, फ्लेक्सच्या ऑर्डरी. पण अशा पुष्कळ दुकानांत कोपऱ्यातल्या टेबलावर आणखी एक संगणक असतो. पिवळट पडलेला उभा कॅबिनेट, गोल पिनेचा कीबोर्ड, आत विंडोज ९८ किंवा एक्सपी. मागच्या बाजूला, पूर्वी जिथं प्रिंटरची केबल लागायची, त्या पंचवीस भोकांच्या पोर्टला काडेपेटीएवढी एक डबी खोचलेली असते. तिला सगळे ‘लॉक’ म्हणतात. ही डबी काढली की त्या संगणकावर मराठी टाइप होत नाही.

जुने संगणक जपणारी माणसं जगभर आहेत. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात १९५१ साली सुरू झालेला हार्वेल डेकाट्रॉन दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा चालता केला. भारतात पहिल्या पिढीच्या यंत्रांना असं भाग्य मिळालं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला. त्याला सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते आणि स्मृती २,०४८ शब्दांची. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नामकरण केलं आणि दोन-तीन वर्षांतच तो निवृत्त झाला. पुढं पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं १९८६ पासून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाचा घरगुती संगणक विकला. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा. असा एखादा स्पेक्ट्रम आज कुणाकडे चालू असेल तर तो शौकानं राखलेला असतो. कोपऱ्यातला मराठी डीटीपीचा, म्हणजे छपाईची पानं जुळवायचा संगणक मात्र गरजेनं राखलेला आहे. म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो. गावानं गेल्या तीस वर्षांत जे छापलं त्यातलं बरंचसं अजून त्याच्याच पोटात आहे.

तिथं काय काय असतं? कारखान्याचे आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दूध संस्थांची पत्रकं, शाळा-महाविद्यालयांचे वार्षिकांक, स्थानिक साप्ताहिकांची पानं, आदमापूरच्या बाळूमामांच्या भंडाऱ्याची पत्रकं, निवडणुकांचे जाहीरनामे, तालमींच्या शर्यतींच्या नोटिसा, गावातल्या कवींनी पदरमोड करून काढलेले संग्रह. यातल्या फार थोड्या गोष्टी ग्रंथालयात जातात. छापील प्रत वाळवीनं खाल्ली किंवा माळ्यावरून रद्दीत गेली, तर उरते ती फक्त त्या हार्ड डिस्कवरची फाइल.

ती फाइल नव्या संगणकावर उघडली तर समोर काय येतं? टोप्या, टिंबं आणि शेपट्या लावलेली रोमन अक्षरं, एकामागून एक. मराठी कुठंच नाही. हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी अडचण इथंच रुजलेली आहे.

नव्वदच्या दशकात छापखान्यांतले खिळे गेले, ट्रेडल मशीन कोपऱ्यात सरकलं आणि पेजमेकर आलं. ऑल्डस कंपनीनं १९८५ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये अॅडोबीकडे गेलं. पान जुळवायला ते उत्तम होतं, पण त्याला देवनागरी कळत नव्हती. एका अक्षरासाठी एक बाइट, म्हणजे एकूण २५६ घरं. त्यातली काही संगणकाच्या स्वतःच्या कामाला राखीव. उरलेल्या सुमारे दोनशे घरांत देवनागरी बसवायची. मग मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे केले. अर्धा प वेगळा, काना वेगळा, दोन्ही जोडून पूर्ण प. वेलांट्या, उकार, रफार, रकार, सगळे सुटे. पेजमेकरला वाटायचं की आपण रोमन अक्षरं मांडतोय, आणि कागदावर उमटायची मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम ही नावं महाराष्ट्रातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याच्या तोंडी बसली. प्रत्येकाची घरांची मांडणी मात्र निराळी. एका पॅकेजमध्ये ज्या घरात काना, दुसऱ्यात तिथं अर्धा म.

त्याच वेळी शिस्तीची एक वाट उपलब्ध होती, याची मला हळहळ वाटते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांच्या ‘जिस्ट’ तंत्राचं काम १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. संगणकात एक कार्ड बसवलं की डॉसवर भारतीय लिप्या दिसत. त्यामागची इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. ती उच्चाराच्या क्रमानं लिहायची आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी वापरायची. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या संकेतपद्धतीतल्या देवनागरीच्या १२८ घरांची रचना याच घराण्यातली आहे. पण छापखान्याला पान देखणं हवं होतं, निरनिराळे फॉन्ट हवे होते, जाहिरातीचं मथळ्याचं अक्षर जाड हवं होतं. ते सगळं तुकड्यांच्या फॉन्टांत मिळालं आणि धंदा तिकडं गेला. त्याबद्दल छापखानेवाल्यांना दोष देता येत नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आलं, तरी पेजमेकरच्या २००१ सालच्या शेवटच्या, सातव्या आवृत्तीलाही ते कळत नव्हतं. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय व्हायला २०१२ चं सीएस६ यावं लागलं. मधल्या दहा-बारा वर्षांत दिवाळी अंक काढणाऱ्यानं करायचं काय?

आणि लॉक? सॉफ्टवेअरच्या प्रती सर्रास निघत, म्हणून कंपन्यांनी ही डबी दिली. कीबोर्डचा प्रोग्रॅम सुरू होताना पोर्टवर डबी आहे का ते पाहतो. नसेल तर टायपिंग बंद. नव्या संगणकांना तो पोर्टच नाही. म्हणजे लॉकसाठी पोर्ट, पोर्टसाठी जुना मदरबोर्ड, जुन्या मदरबोर्डसाठी जुनी रॅम आणि जुनी विंडोज, अशी ही साखळी आहे. एक कडी तुटली तरी सगळं थांबतं.

त्या कड्या जपण्याचं शास्त्र कुठल्या पुस्तकात नाही, ते हातात आहे. संगणक सुरू होताना नुसता बीप-बीप करत राहिला की रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसायच्या आणि परत बसवायची. तारीख सारखी मागे जाते आणि हार्ड डिस्क ओळखली जात नाही, म्हणजे नाण्याएवढा सेल संपला. तो घड्याळजीकडेही मिळतो. सुरू होऊन मिनिटभरात बंद पडतो, तर मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर बघायचे. त्यांची टोपणं सपाट असायला हवीत. फुगली असतील किंवा तपकिरी ओघळ दिसत असेल तर ते बदलायचे. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष रसायन भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर गेले आणि नेमकं याच काळात आपल्याकडे गावोगाव डीटीपी उभं राहिलं. नवशिक्या मुलानं हौसेनं एक जीबीची रॅम घातली तर विंडोज ९८ उठतच नाही. ५१२ एमबीच्या वर ती अडखळते. तिला पेन ड्राइव्हही वेगळा ड्रायव्हर घातल्याशिवाय ओळखता येत नाही, म्हणून फ्लॉपीला अजून महत्त्व. सोनीनं २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, तेव्हापासून चांगल्या फ्लॉप्या जपून वापरल्या जातात.

त्यात इथलं हवामान. मुरगूड वेदगंगेच्या काठी, पश्चिमेला राधानगरीचा डोंगर, आणि जूनपासून हवेत इतकी ओल की बंद ठेवलेल्या बोर्डावर हिरवट बुरा धरतो. जाणते डीटीपीवाले पावसाळ्यात काम नसलं तरी जुना संगणक रोज थोडा वेळ चालू ठेवतात. आतल्या उष्णतेनं ओल मरते. पूर आला की पहिल्यांदा कागदाचे रीम वर उचलले जातात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी जिल्ह्याचं काय केलं हे सगळ्यांनी पाहिलंय. टेबलाखाली ठेवलेला कॅबिनेट सहसा उचलला जात नाही.

या संगणकांभोवती माणसांचं एक जाळं आहे, आणि खरं तर ते जाळंच यंत्र चालवतं. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. एखाद्याचं दुकान बंद झालं की त्याचा एसएमपीएस, त्याची चाळीस जीबीची डिस्क, त्याचा चालू लॉक कुणाकडे गेला हे बाकीच्यांना माहीत असतं. कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी अशा गावांतले दुरुस्तीवाले जुने बोर्ड भंगारात न टाकता मागे ठेवतात. सीमेच्या अलीकडे मराठीची जी गोष्ट, तीच पलीकडे कर्नाटकात कन्नडची. तिथं नुडी आणि बरहा ही सॉफ्टवेअर. ‘अमक्या फॉन्टची फाइल आलीय, उघडून देता का?’ असा फोन आला की उचलणारा सहसा पैसे विचारत नाही. आधी फॉन्टचं नाव विचारतो. ते त्याला अक्षराच्या वळणावरून ओळखता येतं. यातली पुष्कळ माणसं टंकलेखनाच्या वर्गात रेमिंग्टनच्या मांडणीवर शिकलेली आहेत. कुठली कळ दाबली की कुठला तुकडा, हे त्यांच्या बोटांत आहे. ही माणसं आता साठीकडे आलीत, याची काळजी मला यंत्रांपेक्षा जास्त वाटते.

कारण फाइल युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते एकटे पुरत नाहीत. जुन्या फॉन्टांत डोळ्याला दिसेल तसं लिहिलेलं असतं. ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. ‘वर्ष’मध्ये ष टाइप झाल्यावर रफार. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा: क नंतर वेलांटी, ष च्या आधी अर्धा र. प्रोग्रॅम ही उलटापालट करतो आणि बहुतेकदा ठीक करतो. चुकतो तो नेमक्या मराठी जागी. ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतला र हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले प्रोग्रॅम त्याचा रफार करून टाकतात आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या गावाच्या मजकुरात एकदम समुद्र येतो. ‘ॲ’ची तीच तऱ्हा, त्याला युनिकोडमध्ये स्वतःचं घर २००८ मध्ये मिळालं. आडनावं, गावांची नावं, गट नंबर यांत एक चूक राहिली तरी अहवाल अहवाल राहत नाही. तिथं ज्यानं ते पान मूळ जुळवलं त्याचीच नजर लागते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे संगणक केवळ चालू ठेवणं पुरेसं नाही. आधी त्यांच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायला हवी. डिस्क बाहेर काढून बाजारात मिळणाऱ्या साध्या जोडणीनं यूएसबीला लावायची आणि तिच्यात काहीही न लिहिता संपूर्ण प्रतिमा घ्यायची. सोबत फॉन्टांच्या फाइली, कारण त्या असल्या तर मजकूर लॉकशिवायही डोळ्यांना वाचता येतो. जमेल त्या पानांची पीडीएफ. मग बदल, आणि बदलानंतर जुन्या डीटीपीवाल्याजवळ बसून तपासणी. संपूर्ण जुना संगणक नव्या संगणकात उभा करणारी ८६बॉक्ससारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. एकदा प्रतिमा हाती आली की विंडोज ९८ त्यांत चालवता येते. गावच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी मिळून हे काम घेतलं, तर दोघांनाही शिकण्यासारखं त्यात भरपूर आहे. दुकानदाराला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि ग्राहकांच्या खासगी फाइली वगळण्याचा हक्कही त्याचाच.

सुरुवात नदीकाठच्या दुकानांपासून करावी, आणि मे महिन्यातच. वीस जीबीची डिस्क तासाभरात उतरते.