कोरड्या नदीकाठची सर्वांची वाट

वाळवंटात फिरायला कोण जाणार, असे आपल्याला वाटते. परंतु अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा जिल्ह्यात आबालवृद्ध रोज वाळवंटात फिरायला बाहेर पडतात, आणि त्यासाठी त्यांना एक पैसाही मोजावा लागत नाही. ही सोय कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

हा जिल्हा मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. टूसॉन हे तिथले मुख्य शहर. वर्षाकाठी पाऊस ३०० मिलिमीटरपेक्षाही कमी. सांताक्रूझ, रियितो या तिथल्या नद्या बहुतेक ठिकाणी वर्षातला बराच काळ कोरड्या असतात. नुसती वाळूच वाळू! पण पाऊस कोसळला की त्याच नद्या पिसाळतात. १९८३ च्या ऑक्टोबर महिन्यात असाच महापूर आला. पाण्याने मातीचे काठ पोखरले, आणि काठावरची घरे, इमारती नदीत कोसळल्या.

त्यानंतर काठ पक्के करण्याच्या कामाने जोर धरला. माती-वाळूत सिमेंट मिसळून, थरावर थर दाबून काठ बांधण्यात आले. देखरेखीसाठी काठाच्या माथ्यावर रस्ता ठेवावा लागतोच. तिथल्या प्रशासनाने तो रस्ता कुंपण घालून बंद केला नाही, तर लोकांना चालण्यासाठी खुला केला. पुढे असे तुकडे एकमेकांना जोडत नेले. आज या वाटांचे जाळे २०० किलोमीटरहून अधिक लांबीचे झाले आहे. त्याला 'द लूप' म्हणतात.

या वाटेवर मोटारगाडीला बंदी आहे. पायी चालणारे, सायकलवाले, चाकाच्या खुर्चीतले अपंग, चाकांचे बूट घालून पळणारी मुले, सारे एकाच वाटेवर. काही ठिकाणी शेजारून घोडेस्वारांसाठी मऊ मातीची वाट आहे. इतके जण एकत्र म्हणजे शिस्त हवीच. आपण उजव्या बाजूने चालायचे, पुढे जाताना घंटी वाजवायची. सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला वाट द्यायची आणि घोडा बुजू नये म्हणून दोघांनीही त्याला वाट द्यायची. ज्याचा वेग जास्त, त्याची जबाबदारी जास्त, असा हा साधा हिशेब.

वाळवंट मात्र कुणाची गय करीत नाही. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून जाणते लोक पहाटेच बाहेर पडतात आणि जवळचे निम्मे पाणी संपायच्या आत माघारी फिरतात. पावसाळ्यात पुलाखालच्या वाटेवर पाणी दिसले, तर त्यात पाऊल घालत नाहीत. डोक्यावर ऊन असले, तरी दूर डोंगरात झालेल्या पावसाचा लोंढा अचानक येऊ शकतो.

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी रियितो नदीवरच्या पुलाखालून हजारो वटवाघळे आकाशात झेपावतात. ती पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे जमतात. त्यालाही तिकीट नाही.

वाचकहो, दिवसभर राबणाऱ्या माणसाला हवापालट परवडत नाही. पण घराजवळ सुरक्षित वाट असली, तर म्हातारी माणसे पाय मोकळे करतील आणि मुले निर्धास्त सायकल शिकतील. पुरासाठी भिंत तर बांधावीच लागते आणि तिचा खर्च जनतेच्या पैशातूनच होतो. त्या भिंतीच्या माथ्यावर जनतेला चालू द्यायचे की नाही, एवढाच निर्णय उरतो. पिमा जिल्ह्याने तो जनतेच्या बाजूने घेतला.