ऑब्जेक्ट छापताना काय गाळावं

पेमेंट अडकलंय म्हणून लॉग उघडावा, तर एकाच ऑर्डर ऑब्जेक्टनं चार पानं व्यापलेली. ग्राहकाचा पत्ता, बाराशे वस्तू, प्रत्येकीचं वर्णन. आपल्याला हवं असतं एवढंच: ऑर्डर कोणती आणि अडलीय कुठं. ते तिसऱ्या पानावर कुठंतरी दडलेलं असतं.

जितकं जास्त छापू तितका बग लवकर सापडेल, हा पहिला गैरसमज. तो येतो कुठून हे समजण्यासारखं आहे. जावात टूस्ट्रिंग लिहिलं नाही तर क्लासचं नाव, @ आणि हॅशकोड एवढंच हाती येतं. त्याला वैतागून माणूस दुसरं टोक गाठतो. पायथॉनचा डेटाक्लास तर न सांगताच सगळी फील्ड्स छापतो. त्यात पासवर्ड असला तर तोही लॉगमध्ये जातो. तो वगळायला त्या फील्डवर ‘रेप्र’ (म्हणजे पायथॉनमध्ये ऑब्जेक्टचं छापायचं रूप) फॉल्स करावं लागतं. नमपायकडून शिकावं. अ‍ॅरेत १,००० पेक्षा जास्त घटक असले की तो दोन्ही टोकांचे तीन-तीन दाखवतो, मध्ये टिंबं देतो. आपली ऑर्डर मी अशी छापेन:

<ऑर्डर ४८२१३, पेमेंट-प्रलंबित, वस्तू १२००, पहिली: तूरडाळ १ किलो>

यादी गेली, संख्या राहिली. आणि १२ च्या जागी १२०० दिसले की बग तिथंच सापडतो.

‘छापणं म्हणजे नुसतं बघणं, त्यानं काय बिघडणार?’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. जँगोचा क्वेरीसेट आळशी असतो, मागितल्याशिवाय डेटाबेसकडे जात नाही. पण त्याचं रेप्र मागितलं की क्वेरी धावते. जँगोनं निदान मर्यादा घातलीय: २१ ओळी आणतो, २० दाखवतो, पुढं आणखी आहेत एवढं सांगतो. बरेच डिबगर प्रत्येक थांब्यावर व्हेरिएबल्सचं रेप्र स्वतःहून मागतात, म्हणजे आपण काही न करता क्वेऱ्या सुटत राहतात. आपल्या रेप्रमध्ये ‘सेल्फ.ग्राहक.नाव’ लिहिलं तरी तोच धोका. ग्राहकाचा आयडी ऑर्डरजवळच असतो, तो छापावा. शिवाय ऑर्डरनं ग्राहक छापला आणि ग्राहकानं आपल्या ऑर्डरी, तर चक्र थांबतच नाही आणि रिकर्शन एरर येते. पायथॉनची लिस्ट स्वतःतच अडकली तर [...] छापून सुटते, हाती लिहिलेल्या रेप्रला ती सोय आपण द्यावी लागते, आणि रेप्रलिबमध्ये त्यासाठी तयार डेकोरेटर आहे.

रेप्रमधून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करता आलाच पाहिजे, असंही सांगितलं जातं. पायथॉनचं डॉक्युमेंटेशन ‘शक्य असेल तर’ म्हणतं. नसेल तर कोनी कंसात उपयुक्त वर्णन द्यायला सांगतं. मोठ्या ऑब्जेक्टला ते बहुधा शक्य नसतं.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. रेप्र सर्वांत जास्त लागतं ते ऑब्जेक्ट अर्धवट असताना. इनिट मध्येच कोसळलं, आयडी अजून मिळालेला नाही, आणि एरर लॉग करताना रेप्र तोच आयडी शोधतं. मग अ‍ॅट्रिब्यूट एरर येते आणि खरी चूक तिच्याआड जाते. म्हणून प्रत्येक फील्ड ‘गेटअ‍ॅटर’नं, पर्यायी किंमत देऊन घ्यावं आणि रिकाम्या ऑब्जेक्टवर एक टेस्ट लिहावी. तिथं असं काही छापलं गेलं पाहिजे: <ऑर्डर आयडी-नाही, टप्पा-नाही, वस्तू ०>