प्लीहा-रोहिणीचा विस्फार

रोहिणीची भिंत दुबळी होऊन तिला येणारा फुगवटा म्हणजे विस्फार. उदरातील इंद्रियांच्या रोहिण्यांत तो विरळाच. त्यांतल्या त्यांत प्लीहेच्या रोहिणीत, आणि विशेषेकरून स्त्रियांत, अधिक आढळतो. 1770 मध्ये शवविच्छेदनात प्रथम नोंदला गेलेला हा विकार बहुधा मूकच राहतो. क्ष-किरणचित्रातील चुन्याचे कडे संशय जागवते. सीटी अँजिओग्राफीने निदान पक्के होते. गर्भारपणात तो फुटल्यास माता व गर्भ दोहोंच्या जिवावर बेतते. म्हणून प्रसूतिक्षम वयात लहान विस्फारही उपेक्षू नये. कधी रक्त प्रथम जठरामागील पोकळीत थबकते, रोगी सावरल्यासारखा वाटतो, आणि मग उदरभर रक्तस्राव होतो. हा विराम फसवा खरा, पण शस्त्रवैद्याला मिळणारी संधीही तीच. विस्फाराच्या दोन्ही बाजूंस रोहिणी बांधली तरी जठराकडील लहान रोहिण्यांवर प्लीहा बहुधा तगते. आज मात्र पुष्कळदा रोहिणीतूनच नलिका नेऊन धातूच्या वेटोळ्यांनी तो बुजवितात.