डोळे नेणारा बागुलबुवा

बाहुल्यांचा सिनेमा म्हणजे मुलांचाच, अशी आपली समजूत. त्याच समजुतीने आम्ही घरच्या पोरांना जवळ बसवून मोबाईलवर ‘द सँडमॅन’ लावला. पॉल बेरी या इंग्रज दिग्दर्शकाचा १९९१ सालचा हा जेमतेम दहा मिनिटांचा चित्रपट. बाहुली जराशी हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची, अशा चिकाटीच्या कामातून तो उभा राहिला. त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते.

आई मुलाला झोपायला पाठवते. तो दिवा घेऊन अंधारा जिना चढतो. संवाद नाहीत, लाकूड करकरते तेवढेच. मग चंद्रासारख्या वाकड्या तोंडाचा सँडमॅन येतो, मुलाचे डोळे काढून नेतो आणि घरट्यातल्या आपल्या पिल्लांना भरवतो. ‘हे सारे स्वप्न होते’ असे शेवटी निघेल म्हणून आपण थांबतो. तसे काही निघत नाही!

न झोपणाऱ्या मुलांचे डोळे तो नेतो, ही धमकी हॉफमन या जर्मन लेखकाच्या १८१६ मधल्या कथेत एक दाई देते. आपल्याकडचा बागुलबुवा याच जातीचा.

चित्रपट संपल्यावर थोरला उगाच हसला. धाकट्याने विचारले, “त्याची आई खाली होती ना? मग वर का नाही आली?”

वहिनी गप्प झाल्या. आदल्याच रात्री त्यांनी त्याला बागुलबुवाचे नाव सांगून झोपवले होते.