गाऱ्हाणें आणि कौल

मालवणकडील जत्रा ज्या श्रोत्यांनीं पाहिली असेल, त्यांस देवापुढें गाऱ्हाणें घालण्याची रीत ठाऊक असेलच. मानकरी देवासमोर उभा राहून जमलेल्यांच्या अडीअडचणी तोंडीं मांडतो आणि मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यास साथ देते. निवाडा हवा असल्यास देवास निराळा कौल लावावा लागतो. गाऱ्हाणें वेगळें आणि कौल वेगळा, हें तिकडच्या माणसास शिकवावें लागत नाहीं. तक्रारनिवारणाच्या शास्त्रांत मात्र ह्याच भेदासाठीं विद्वानांस पुष्कळ लेखणी झिजवावी लागली आहे.

स्वीडनच्या १८०९ सालच्या राज्यघटनेनें ‘ऑम्बुड्समन’ हें पद निर्माण केलें. महाराष्ट्रांत १९७१ च्या कायद्यान्वयें लोकायुक्त आले. रिझर्व्ह बँकेनें १९९५ सालीं बँकांसाठीं लोकपाल योजना काढली. २०२१ च्या एकत्रित योजनेनें मालवणच्या खातेदाराचा टपालानें धाडलेला अर्ज चंदीगडास जाऊं लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनीं विद्यार्थ्यांसाठींहि लोकपाल नेमावयास सांगितलें. ह्या साऱ्यांची चाल एकच: आधीं लेखी तक्रार, मग चौकशी, शेवटीं निर्णय किंवा शिफारस. म्हणजे कौलच.

परंतु संस्था स्वतःच्याच माणसांसाठीं जो लोकपाल नेमते, त्याचें काम अगदीं निराळें. समजा, एखाद्या कचेरींतील नवख्या कारकुनास वरिष्ठाकडून नित्य अपमान सोसावा लागतो. लेखी अर्ज करावयाचा, तर तो ज्यांच्या हातांतून पुढें जाईल त्यांत त्याच वरिष्ठाचा साडू निघावयाचा. मुकाट्यानें बसावें, तर दिवस कंठणें कठीण. लहान गांवांत तर हीच माणसें बाजारांत आणि देवळांतहि समोर येतात. अशा माणसास निवाडा पुढें केव्हां तरी हवा असतो. आज त्यास हवा असतो तो बोललेलें पोटांत ठेवणारा जाणता माणूस.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेंत १९७३ पासून हें काम पाहणाऱ्या मेरी रो ह्या अर्थशास्त्रज्ञ विदुषीनें १९८७ सालीं ‘निगोशिएशन जर्नल’मध्यें त्याची फोड केली. ऐकून घेणें, माहिती देणें, कोणकोणते मार्ग मोकळे आहेत तें दाखविणें, तक्रारदारास स्वतः बोलावयास तयार करणें, दोघांमध्यें निरोप नेणें, मध्यस्थी करणें, हीं तीं कामें. स्वातंत्र्य, निःपक्षपात, गुप्तता आणि अनौपचारिकता हीं त्या व्यवसायानें मानलेलीं चार तत्त्वें. मार्ग कोणता धरावा, हें तक्रारदारानेंच ठरवावयाचें.

येथेंच शंका उठतात, आणि त्या रास्त आहेत. ज्याचा पगार मालक देतो, तो मालकाविरुद्ध कितपत ऐकेल? जो नांवनिशीचें दप्तर ठेवीत नाहीं, त्याच्या कामाचें माप कसें घ्यावें? दुसऱ्या प्रश्नास उत्तर आहे: एकाच तऱ्हेचीं गाऱ्हाणीं वारंवार येऊं लागलीं, कीं कोणाचेंहि नांव न घेतां तो चालकांस सांगतो, नियमांतच खोट आहे. पहिल्यास इतकें सरळ उत्तर नाहीं. गुप्ततेचा पायाहि वाटतो तितका भक्कम नव्हे. मॅक्डोनेल डग्लस ह्या विमानें बांधणाऱ्या कंपनीवरील एका दाव्यांत लोकपालाकडील कागद मागण्यांत आले. ते न दाखविण्याचा खास अधिकार अमेरिकेंतील अपील न्यायालयानें १९९७ सालीं नाकारला. चार्ल्स हॉवर्ड ह्या वकिलानें २०१० सालीं ह्या पदाच्या कायदेशीर बाजूवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

कांहीं गाऱ्हाण्यांस मात्र ही वाट पुरत नाहीं. स्त्रियांच्या लैंगिक छळाविषयीं २०१३ च्या भारतीय कायद्यानें अंतर्गत समितीपुढें लेखी तक्रारीची सोय केली आहे. तेथें नुसत्या ऐकणाऱ्यानें तक्रार स्वतःपाशीं अडवून ठेवतां कामा नये, त्या समितीचा पत्ता प्रथम सांगावा.